वसाहतकार लिहिताना

दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासावरची एक लेखमाला मी मराठीत आणली, तेव्हा ‘सेटलर’साठी सरसकट ‘वसाहतकार’ लिहिलं. शब्दकोशात तो होता, लिहायला सोपा होता आणि एकदा ठरवला की पुन्हा विचार करावा लागत नव्हता.

१८२० मध्ये ब्रिटिश सरकारने सुमारे चार हजार माणसं केप वसाहतीच्या पूर्व सरहद्दीवर, झूरफेल्ड भागात नेऊन वसवली. दर प्रौढ पुरुषामागे शंभर एकर जमीन कबूल केली होती. मी लिहिलं, ‘ओसाड झूरफेल्डमध्ये वसाहतकारांनी शेती सुरू केली.’ मूळ लेखात ‘ओसाड’ कुठेच नव्हतं, ते माझं. शिक्षक वसाहत, पोलीस वसाहत, औद्योगिक वसाहत अशा मोकळ्या माळावर उभ्या राहिलेल्या वसाहती आपण पाहिलेल्या असतात, त्यामुळे वसाहत म्हटलं की आधीची जागा रिकामी होती असं मनात आपोआप येतं. प्रत्यक्षात १८११-१२ च्या मोहिमेत कर्नल जॉन ग्रॅहमच्या फौजेने तिथल्या सुमारे वीस हजार खोसा लोकांना फिश नदीपलीकडे हाकललं होतं. त्यांची उभी पिकं उद्ध्वस्त केली होती. त्याच ग्रॅहमच्या नावाने तिथे ग्रॅहम्सटाउन वसलं. १८१९ मध्ये मखांडाच्या नेतृत्वाखाली खोसांनी त्या गावावर चाल केली आणि ते हरले. पुढच्याच वर्षी ब्रिटिश कुटुंबं आणली गेली ती सरहद्दीवर माणसांचं कुंपण घालण्यासाठी. त्यांच्यापैकी कितीतरी जण शहरातले कारागीर होते, शेती न जमल्याने ते काही वर्षांत जमीन सोडून गेले. त्यांच्याबद्दलही मला वाईट वाटतं. पण त्यांच्या पायाखालची जमीन ओसाड नव्हती, ओसाड केलेली होती. २०१८ मध्ये ग्रॅहम्सटाउनचं नाव मखांडा झालं. ती बातमी वाचेपर्यंत माझं वाक्य मला खटकलंही नव्हतं, याची आजही लाज वाटते.

त्याच लेखमालेत नाताळ या ब्रिटिश वसाहतीतल्या भारतीयांनाही मी वसाहतकारच म्हटलं. भारतीय मजुरांना घेऊन मद्रासहून निघालेलं ‘ट्रुरो’ जहाज १६ नोव्हेंबर १८६० रोजी डर्बनला लागलं. पुढे १९११ पर्यंत दीड लाखांहून जास्त माणसं, मुख्यतः उसाच्या मळ्यांसाठी, नेली गेली. पाच वर्षांचा करार, आणि परवान्याशिवाय मळ्याबाहेर फिरणं हा गुन्हा. एका वाचकाने पत्रातून विचारलं, ‘ज्याला मळ्याबाहेर पडायची मुभा नाही, तो वसाहत कसली करणार?’ उत्तर नव्हतं.

लेखमालेचं पुस्तक झालं तेव्हा मी भारतीयांबाबत ‘वसाहतकार’ दिसेल तिथे ‘गिरमिटिया’ केलं. ‘अ‍ॅग्रिमेंट’चं मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झालं, त्यावरून आलेला हा त्यांचाच शब्द, म्हणून मी निश्चिंत होतो. इथे तिसरी चूक झाली, आणि ती मला सर्वांत जास्त टोचते. १८९५ मध्ये नाताळने कायदा करून करार संपल्यावरही तिथेच राहणाऱ्या नव्या गिरमिटियांवर वर्षाला तीन पौंडांचा कर बसवला. एक तर परत जा, नाहीतर पुन्हा करारावर सही करा, हा त्यामागचा दबाव. १९३३ मध्ये तर भारतीयांना आणखी कुठल्या देशात नेऊन वसवता येईल याची चौकशी करणारी सरकारी समिती नेमली गेली. तेव्हा तिच्या विरोधात उभ्या राहिलेल्या भारतीयांनी आपल्या संघटनेच्या नावात ‘कलोनियल बॉर्न’ (वसाहतीत जन्मलेले) आणि ‘सेटलर्स’ हे शब्द घातले. आम्ही इथले आहोत, आम्हाला हलवता येणार नाही, हे सांगण्यासाठी. मी त्या नावाचं भाषांतर ‘गिरमिटियांची संघटना’ असं केलं. ज्या करारातून त्यांचे आईबाप आणि आजोबा बाहेर पडले होते, त्यात मी नातवंडांना पुन्हा बांधून टाकलं.

आता संघटनेचं नाव मी जसंच्या तसं ठेवलं आहे. १८६० च्या माणसांना गिरमिटिया म्हणतो, करार संपवून राहिलेल्यांना ‘तिथे स्थायिक झालेले’. झूरफेल्डच्या वाक्यात खोसांना हाकलल्याचा उल्लेख आधी येतो, ब्रिटिशांना जमिनी दिल्याचा नंतर.

पण नाताळमधल्या आफ्रिकी लोकांनाही १८४० च्या दशकापासून राखीव पट्ट्यांत ढकललं जात होतं, आणि उसाचे मळे उभे राहिले ते त्यानंतर. माझ्या गिरमिटियांच्या प्रकरणात हे अजून कुठेच नाही. पुढच्या आवृत्तीत ते ‘ट्रुरो’च्या आधी यायला हवं.