उतरा, ब्रेकर आला

आमच्या गावच्या वेशीवर, शाळेसमोर एक ब्रेकर आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला पुण्याहून गावी आलो आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांना घेऊन तुळजापूरला निघालो, तेव्हा त्या ब्रेकरवर मी आई, अण्णा आणि बहिणीला खाली उतरवलं. आजी पुढच्या सीटवर होती. तिचे गुडघे दुखतात, म्हणून तिला बसू दिलं. गाडी तिरकी करून एक चाक ब्रेकरवर चढवलं आणि पोटाखालून खर्रर्र आवाज आला. मागे घेतली. मग मीच म्हणालो, "आजी, तू पण उतर जरा."

ती उतरली. काठी टेकत पलीकडे जाऊन उभी राहिली. "घाटाच्या चढाला उतरायचो आम्ही बैलगाडीतनं," ती म्हणाली. "एवढ्याशा उंचवट्याला न्हाई, बाबा."

शाळेच्या कट्ट्यावरची पोरं हसली. मीही हसलो. दुसरं काय करणार?

गाडी २०१४ ची स्विफ्ट डिझेल. दुसऱ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सेकंडहँड घेतली, एमएच २५ पासिंगचीच मिळाली म्हणून जास्त आनंद. तिच्यावर मी जे केलं ते पुण्यातल्या मित्रांना बघून केलं. आधी छोट्या स्प्रिंग टाकून गाडी ४० मिलिमीटर खाली बसवली, मग १७ इंची मॅगव्हील घेतली. आमच्या जिल्ह्यात गाडीची इज्जत उंचीवर मोजतात. पुढाऱ्याची स्कॉर्पिओ, मग त्याहून मोठ्या पुढाऱ्याची फॉर्च्युनर. पुण्यात माझ्या ग्रुपमध्ये बरोबर उलटं होतं. जितकी जमिनीला चिकटलेली, तितकी भारी. मी दोन्हीकडे राहणारा माणूस, आणि गाडी मात्र एकाच ठिकाणच्या हिशेबाने सजवली.

हिशेब केला नव्हता असं नाही. उलट तोच जास्त केला. टायरवर २०५/४० आर१७ असं लिहिलेलं असतं, ते दिसतं अवघड पण आहे सोपं. २०५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४० म्हणजे रुंदीच्या ४० टक्के इतकी टायरच्या भिंतीची, म्हणजे साइडवॉलची उंची. १७ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! असं कोणी कोडमध्ये लिहिलं तर रिव्ह्यूला पास होणार नाही. मी पायथनमध्ये वीस ओळी खरडल्या आणि सगळे साइज मांडले.

गाडीचा मूळ टायर १६५/८० आर१४. भिंत १३२ मिलिमीटर, पूर्ण व्यास ६२० च्या आसपास. रिम मोठी घ्यायची तर भिंत तेवढी कमी करायची, म्हणजे बाहेरचा व्यास तोच राहतो, नियम एवढाच. १७ इंचीवर २०५/४५ टाकला तर भिंत ९२ आणि व्यास ६१६. जवळपास जुळतं. २०५/४० टाकला तर भिंत ८२ आणि व्यास ५९६. तब्बल २४ मिलिमीटर कमी.

तरीही मी ४० घेतला. कारण दुकानदार म्हणाला, "४५ टाकलात तर मडगार्डला घासेल, गाडी आधीच खाली आहे." ते अगदी खोटं नव्हतं. खाली बसवलेल्या गाडीला स्प्रिंग दबायला जागा कमी, त्यात टायर मोठा आणि रुंद, तर चार माणसं बसल्यावर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो. पण घासणं फक्त टायरच्या उंचीवर ठरत नाही. रिमवर ईटी नावाचा एक आकडा असतो. गाडीला टेकणारी रिमची बाजू मधल्या रेषेपासून किती मिलिमीटरवर आहे, ते तो सांगतो. तो कमी झाला की चाक बाहेर सरकतं आणि मडगार्डच्या कडेला भिडतं. माझ्या रिमचा ईटी दुकानदाराने सांगितला नाही, मी विचारला नाही. आणि खरं सांगायचं तर ४० चा पातळ रबर फोटोत जास्त भारी दिसत होता.

त्या २४ मिलिमीटरने काय होतं ते सांगतो. निम्मे, म्हणजे १२, थेट गाडीच्या उंचीतून जातात. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १७०. त्यातले स्प्रिंगचे ४० गेले, टायरचे १२ गेले. उरले ११८, तेही रिकाम्या गाडीचे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे गाडी हळू चढते आणि हळू उतरते. आमच्या वेशीवरचा ब्रेकर गावाने अपघातानंतर स्वतः घातलेला. तो मीटरभर रुंद असेल, आणि त्याच्या उंचीला गावाचा राग आहे. ते लेकरू मला माहीत होतं, त्यामुळे त्या ब्रेकरला मी नावं ठेवत नाही.

चाक लहान झालं की त्याच अंतरात ते जास्त वेळा फिरतं. मीटरवर १०० दिसताना गाडी खरी ९६ ने पळते, आणि अडीचशे किलोमीटरचं गाव दोनशे साठवर जातं. हे चालून जातं. चालत नाही ते वजन. टायरवर साइजनंतर आणखी एक आकडा असतो, लोड इंडेक्स. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, ८४ म्हणजे ५००, ८८ म्हणजे ५६०. मूळ टायर ८५ चा होता, माझा नवा, महागडा टायर ८४ चा. म्हणजे दुप्पट पैसे देऊन मी कमी वजन पेलणारा टायर घेतला होता. हा आकडा माझ्या वीस ओळींत नव्हताच.

तुळजापूरहून परतताना, येडशीच्या अलीकडे, अंधारात एक खड्डा लागला. मोठा नव्हता. जुन्या टायरला नुसता 'धप्' झाला असता. भिंत ८२ ची असली की खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये रबर चिमटीत सापडतो, आतले धागे तुटतात आणि मग हवेला अडवायला नुसता रबर उरतो. सकाळी पाहिलं तर पुढच्या डाव्या टायरला लिंबाएवढा फुगा.

ढोकीतल्या पंक्चरवाल्याने बोट फिरवून बघितलं. "साहेब, ह्याच्यात हवा ठेवायची कुठं?" त्याच्याकडे १७ इंची टायर नव्हता. सोलापूरहून मागवावा लागेल म्हणाला. मग स्टेपनी लावली. स्टेपनी गाडीबरोबर आलेली, १४ इंची, ६२० ची. डावीकडे ६२०, उजवीकडे ५९६. गाडी एका बाजूला खांदा उचलून उभी राहिल्यासारखी दिसत होती. पुढच्या दोन चाकांत एवढा फरक असला की सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल फिरत राहतं. हळूहळू घरी आणली.

त्याच रात्री आजीला दम लागला. दीड वाजता. दारात माझी गाडी होती, पण धाराशिवपर्यंत त्या चाकांवर जोरात जायची माझी हिंमत झाली नाही. अण्णा काही बोलले नाहीत, शेजारच्या तात्यांना उठवायला गेले. तात्यांचा पिकअप कांद्याचा. मागे गोधडी टाकून आई बसली, आजी पुढे. मी मागच्या फळीला धरून. वेशीवरच्या ब्रेकरवर तात्यांनी गाडी हळू केली, पण थांबवली नाही.

आजी चार दिवसांनी घरी आली. आता बरी आहे. गाडीचा विषय तिने काढला नाही. काढला असता तर सोपं गेलं असतं.

पुण्याला आल्यावर मूळ स्प्रिंग परत बसवल्या. कंपनीच्या स्पेसिफिकेशनशी न जुळणारे बदल गाडीत करता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्येच सांगितलंय, हेही मी तेव्हा वाचलं. टायर घेतले १८५/६५ आर१५, लोड इंडेक्स ८८. याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनीच हा साइज देते. भिंत १२०, व्यास ६२१. दिसायला अगदी साधी गाडी. ग्रुपमधल्या एकाने फोटोवर 'आरआयपी' लिहिलं.

आमच्या भागात असल्या गोष्टींचा इतिहास जुना आहे बरं का. तेर म्हणजे जुनं तगर. तिथलं कापड गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं, असं पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस'मध्ये आहे. त्या गाडीवानांनी चाक निवडताना काय बघितलं असेल, हा प्रश्न मला त्या पिकअपच्या मागे उभा असताना पडला नव्हता. नंतर पडला.

१७ इंची रिम अजून घरी आहेत. परवा चुलतभावाचा फोन आला. त्याने कळंबला सेकंडहँड स्विफ्ट घेतलीय, रिम मागतोय. देईन म्हणालो, पण टायर २०५/४५ च घ्यायचा, लोड इंडेक्स ८८, आणि त्यावर एक्सएल लिहिलेलं बघून घे, त्यात हवाही थोडी जास्त ठेवावी लागते. रिमचा ईटी मोजून पाठवतो, चार माणसं बसवून घासतं का बघ, आणि स्प्रिंगला हात लावू नकोस.

तो सगळं ऐकून घेत होता. मग म्हणाला, "दादा, पण ४० भारी दिसतो ना?"

"दिसतो," मी म्हणालो.