पत्ता : बुधवार पेठ, पुणे २

पुण्यातला एकच पत्ता मला तोंडपाठ होता : बुधवार पेठ, पुणे २. आमच्या गणिताच्या गाइडवर तो छापलेला असे. ते गाइड असूनही १९६२ साली मी आठवीत नापास झालो आणि वडिलांच्या भीतीनं सोलापूर स्टेशनावर पुण्याची गाडी पकडली. तिकीट अर्थातच नव्हतं.

वाचकहो, भटकण्यात मोठी मौज आहे असं आपल्याला वाटतं, ते घरी ताट वाढलेलं असतं म्हणून! तिसऱ्या वर्गाच्या बाकाखाली, ट्रंका आणि परक्यांचे पाय यांच्यामध्ये अंग चोरून पडलं, की ती मौज कळते. कुर्डुवाडीला तपासनिसानं कान धरून उतरवलं. पहाटे दुसरी गाडी धरली, ती दौंडपर्यंतच लाभली. नळाच्या पाण्यानं पोट फुगतं, भरत नाही. डोळा लागला की पोलिसाची काठी वाजे. उशाच्या चपला कुणीतरी लांबवल्या. पण सर्वांत वाईट हे, की दोन दिवसांत शेकडो माणसांनी मला पाहिलं आणि एकानंही नाव विचारलं नाही.

वैशाखातल्या डांबरावरून अनवाणी, विचारत विचारत बुधवारात पोचलो. अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं बघवेनात! तांबड्या जोगेश्वरीच्या दाराशी टेकलो. हार ओवणाऱ्या आजीनं मान वर केली.

"कुणाचा रं तू? जेवलास का?"

मला रडूच फुटलं. तिनं भाकरी दिली, आपल्या खोलीत ठेवून घेतलं आणि घरी कार्ड लिहायला लावलं. वडील आले. रागावले नाहीत, आधी माझे तळपाय पाहिले.

अमेरिकेत रेल्वेवरच्या भटक्यांना 'होबो' म्हणतात. जॅक लंडननं आपले तसले दिवस १९०७ साली पुस्तकात मांडले. आपले धर्मानंद कोसंबी १८९९ साली ज्ञानासाठी गोव्याहून पुण्यास आले, पुढे काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. कुठे ते, कुठे मी! पण अन्नछत्राचं मोल मला त्या भाकरीनं कळलं.

परवा बुधवारात जाऊन आलो. आजी आता कुठली! परतताना फलाटावरच्या नळाशी एक पोरगा दिसला.

"जेवलास का रे?"

त्यानं आधी मागं वळून पाहिलं, मी दुसऱ्याच कुणाला विचारतोय की काय म्हणून. त्याला जेवू घातलं, मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर फिरवला. माझी गाडी चुकली. या वेळी तिकीट होतं!