सुरुवात स्वतःच्या स्कूटीपासून

डेन्व्हर,
नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,



तुझा फोन येऊन आठवडा झाला. जिल्हा संघटनेनं खेळाडूंच्या सुरक्षेसाठी नवी समिती काढली आणि अध्यक्ष म्हणून तुझं नाव घातलं, हे ऐकून मी नुसतं "अगं वा!" म्हणून मोकळी झाले. तुझा खरा प्रश्न तसाच राहिला. "तुमच्या डेन्व्हरला म्हणे असल्या कामाचं मोठं ऑफिसच आहे. ते काय करतात, कसं करतात, जरा कळव." फोनवर उरकण्यासारखं ते नव्हतं. शिवाय त्यातली एक गोष्ट तुला तोंडावर सांगायचा मला धीर झाला नसता. म्हणून हे पत्र.

ऑफिस आहे खरं. नाव 'यू. एस. सेंटर फॉर सेफस्पोर्ट'. मार्च २०१७ मध्ये ते सुरू झालं. ऑलिंपिक चळवळीतल्या पन्नासएक खेळांच्या संघटना आणि त्यांच्याकडे नोंदलेली कोटीभर माणसं, पोहायला येणाऱ्या आठ वर्षांच्या पोरीपासून पदकवाल्यांपर्यंत, त्याच्या कक्षेत येतात. लैंगिक गैरवर्तनाची तक्रार आली की चौकशी संघटनेनं करायची नाही, सेंटरनं करायची. पहिल्या प्रमुख बाई ओबामांच्या काळात राष्ट्राध्यक्षांच्या क्रीडा-आरोग्य मंडळाच्या कार्यकारी संचालक होत्या. म्हणजे लोकांना खेळा, पळा म्हणून सांगणारी बाई खेळाच्या अंधाऱ्या खोल्या उघडायला बसली.

त्या खोल्यांत काय होतं, ते तू पेपरात वाचलं असशील. लॅरी नासर हा जिम्नॅस्टिक्सच्या राष्ट्रीय संघाचा डॉक्टर. उपचाराच्या नावाखाली त्यानं वर्षानुवर्षं मुलींवर अत्याचार केले. ऑगस्ट २०१६ मध्ये 'इंडियानापोलिस स्टार'नं जिम्नॅस्टिक्सची संघटना प्रशिक्षकांविरुद्धच्या तक्रारी कशा दाबून ठेवते ते छापलं. ते वाचून रेचल डेनहॉलंडर ही माजी जिम्नॅस्ट पुढे आली, आणि मग रीघ लागली. जानेवारी २०१८ मध्ये मिशिगनच्या कोर्टात दीडशेहून अधिक जणींनी नासरच्या समोर उभं राहून आपापलं सांगितलं. त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. संघटनेच्या कानावर मात्र हे जून २०१५ मध्येच आलं होतं. एफबीआयकडे जायला तिनं पाच आठवडे घेतले, एफबीआयनं पुढे ते रेंगाळत ठेवलं, आणि मधल्या वर्षभरात हा गृहस्थ पोरी तपासतच होता.

पण ताई, माझी झोप उडवली ती एका बारीकशा गोष्टीनं. कितीतरी वेळा त्या खोलीत मुलीची आई हजर होती. डेनहॉलंडरचीही होती. आईला दिसणार नाही अशा बेतानं तो मध्ये उभा राहायचा. तीन हातांवर बसलेल्या आईला दिसलं नाही, कारण तिचा विश्वास होता. एवढा मोठा डॉक्टर, पोरीसाठी वेळ काढतोय!

हौशी खेळ या विश्वासावरच तर चालतो. तुला संघटनेनं कधी पगार दिला? पहाटे पाचला मैदानावर पाणी मारणाऱ्याला कोण देतं? म्हणून तर अशा माणसाला प्रश्न विचारायला आपली जीभ रेटत नाही.

आता माझीच फजिती सांगते. तुझी भाची पोहते त्या क्लबात मी स्पर्धेच्या वेळी पंच म्हणून उभी राहते. त्यासाठी माझी पार्श्वभूमी तपासली गेली, प्रशिक्षण घ्यावं लागलं. मी ते भाजी चिरता चिरता, एक डोळा मोबाइलवर ठेवून उरकलं. मग मागच्या हिवाळ्यातली एक रात्र. बाहेर बर्फ, सराव संपलेला, लेक तापानं घरी. मी तिची विसरलेली बॅग न्यायला गेले होते. आमच्याच गल्लीतली बारा वर्षांची पोर आईची वाट बघत उभी. मी म्हटलं, चल, सोडते तुला. प्रशिक्षक बाई हसून म्हणाल्या, "तिच्या आईची लेखी परवानगी नाही. एकटीला नाही नेता येणार." वर्षभर त्या पोरीला मी माझ्या हातचे लाडू खाऊ घातलेले! कान तापले माझे. मला? माझ्यावर संशय?

मग पाहिलं तर त्या स्वतःही तिच्याजवळ एकट्या थांबल्या नव्हत्या. काउंटरवरच्या माणसाला त्यांनी थांबवून घेतलं होतं, आणि तिघं काचेच्या दाराशी, दिव्याखाली उभी होती. पंचवीस मिनिटांनी आई आली. घरी येऊन मी ते प्रशिक्षण पुन्हा पाहिलं, या खेपेला भाजी बाजूला ठेवून.

नियम साधे आहेत गं. मोठं माणूस आणि अल्पवयीन खेळाडू एकत्र असतील तर ते इतरांना दिसलं पाहिजे आणि कोणालाही मध्ये येता आलं पाहिजे. मुलीला मेसेज पाठवायचा तर त्यात आईवडील हवेत. दौऱ्यावर तिच्या खोलीत झोपायचं नाही. मालिश करायचं तर दुसरं मोठं माणूस तिथे हवं. शंका आली तरी चोवीस तासांत कळवायचं, हा २०१८ पासून कायदाच आहे. आणि हे सगळ्यांना लागू. खो-खोच्या पाटीवर आपण आठजणी बसायचो तेव्हा एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. शेजारणीवर अविश्वास म्हणून कुठे तसं बसायचो? मैदानाची एकही बाजू बिननजरेची राहू नये, एवढंच.

इथलं सगळं छान चाललंय असं मात्र समजू नकोस. जिथे हे ऑफिस ठेचकाळलं, ते तुझ्या जास्त उपयोगाचं. पहिली ठेच पैशाची. २०२० च्या कायद्यानं ऑलिंपिक समितीनं सेंटरला दरवर्षी दोन कोटी डॉलर द्यायचे असं ठरलं. पण ज्यांच्या माणसांची चौकशी करायची त्यांच्याच पैशावर ऑफिस चालणार, तर खेळाडूंनी विश्वास ठेवायचा कसा? अमेरिकी काँग्रेसनं नेमलेल्या आयोगानंही मार्च २०२४ च्या अहवालात हेच दुखणं सांगितलं. तेव्हा तुझ्या समितीचा खर्च, अगदी चहाचा सुद्धा, संघटनेच्या सेक्रेटरींच्या सहीवर अडकवू नकोस.

दुसरी ठेच उत्तराची. कितीतरी प्रकरणं इथे 'प्रशासकीय कारणानं बंद' होतात. दोषी आहे असं नाही, नाही असंही नाही. सगळं काळीज गोळा करून बोललेल्या पोरीच्या हातात एवढीच ओळ पडते. पुरावा अपुरा असेल तर तसं सांग, पण समोर बसवून, तुझ्या तोंडानं सांग.

तिसरी ठेच सगळ्यांत जिव्हारी लागणारी. पूर्वी पोलिसात असलेल्या एकाला सेंटरनं तपासनीस म्हणून घेतलं, आणि पोलिसातल्या काळातल्या प्रकरणावरून त्यालाच अटक झाली. पुढे त्याच्यावर बलात्काराचाही आरोप ठेवला गेला. एप्रिल २०२५ मध्ये सेंटरच्या त्या वेळच्या प्रमुख बाईंना पद सोडावं लागलं. कुंपणाचीही राखण करावी लागते, ताई.

आपल्याकडचा कायदा तुला मी काय सांगणार. २०१३ च्या कायद्यानं स्टेडियम आणि क्रीडासंस्थाही 'कामाचं ठिकाण' धरल्या आहेत. तरी २०२३ मध्ये कुस्तीगीर मुलींना जंतरमंतरवर बसावं लागलं, तेव्हा तूच म्हणाली होतीस, "दार असतं तर रस्त्यावर कशाला आल्या असत्या?" ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं नवा क्रीडा कायदा केला, त्यात सुरक्षित खेळाचं धोरण आलं, आणि बहुधा त्याच धांदलीत तुमची समिती जन्मली. एक मात्र विसरू नकोस. मुलगी अठराच्या आतली असेल तर 'आधी आपण आपसांत विचारून बघू' असं कोणी म्हणालं, तरी ऐकू नकोस. पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

आता ती तोंडावर न सांगता येणारी गोष्ट.

ताई, यातला जवळजवळ प्रत्येक नियम तू मोडतेस. अंधार पडला की एखाद्या पोरीला स्कूटीवर मागे बसवून वाडीवर सोडतेस. पहाटेची एसटी असली की पोरी आपल्या माजघरात झोपतात. दुखऱ्या पोटऱ्यांना तूच तेल चोळतेस, आणि रात्री अकराला "जेवलीस का गं?" म्हणून एकेकीला मेसेज करतेस. त्या मायेवर कितीजणी उभ्या राहिल्या, ते मला माहीत आहे. मी त्यांतलीच.

तू चांगली आहेस, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. म्हणूनच म्हणते, पहिला नियम स्वतःला लाव. 'बाईंचं काय, बाई आपल्याच' म्हणून आज तुला सूट मिळाली, तर उद्या तुझ्या जागी येणारा तीच सूट मागेल, आणि ती नाकारायला कोणाकडे तोंड उरणार नाही. नासरलाही लोक आपलाच म्हणत होते.

वाडीवरच्या पोरीला दुसरं वाहन नाही, हे मलाही कळतं. नियमापायी तिचा खेळ सुटला तर तो नियम कसला? मग दोघींना एकदम ने. आईकडून वहीत सही घे, निघताना फोन कर. मेसेज आयांच्या ग्रुपवर टाक. तेल चोळायचं तर ओट्यावर, सगळ्यांदेखत. माया कमी होणार नाही, फक्त दिव्याखाली येईल.

पहिल्या आठवड्यात पोरी रुसतील. माझे तापले तसे तुझेही कान तापतील. पण पंधरा दिवसांनी कोणी सर म्हणाले, "मी एकट्या मुलीला गाडीतून नेलं तर बिघडलं कुठे?" तर तुला कायद्याचं पुस्तक उघडावं लागणार नाही. "मीही नेत नाही," एवढं म्हणालीस की पुरे.

रागावली असशील तर रागावून का होईना, पण उत्तर लिही. आई-नानांना नमस्कार. तुझ्या भाचीनं शंभर मीटरला दीड सेकंद कमी केलाय. तिला सोडायला-आणायला आम्ही चार आया मिळून जातो.

तुझी,
धाकटी