न दिसणारे दुखणे

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत! डोके ठणकते, दाढ ठसठसते, पोटात कळ येते, पाठीत उसण भरते, पायांना रग लागते, जखम चुरचुरते आणि मुका मार आतल्या आत सलत राहतो. हे शब्द कोणी शब्दकोश उघडून शिकलेले नाही. आजीच्या आणि आईच्या तोंडून ते आपल्यापर्यंत आले. ठणका कशाला म्हणायचे आणि कळ कशाला, हे आमच्या चाळीतल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. या असल्या साध्या शब्दांतून शास्त्रज्ञांनी दुखणे मोजण्याची एक पट्टी तयार केली आहे, हे ग्रंथालयात वाचले तेव्हा मला मोठे नवल वाटले.

रोनाल्ड मेलझॅक नावाचे कॅनडातील एक मानसशास्त्रज्ञ होते. तरुणपणी त्यांची गाठ एका वृद्ध स्त्रीशी पडली. मधुमेहामुळे तिचा पाय कापावा लागला होता, तरी त्या नसलेल्या पायात तिला असह्य वेदना होत. ती आपली वेदना ज्या शब्दांत सांगे, ते शब्द मेलझॅक वहीत टिपून घेऊ लागले. पुढे १९७५ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात त्यांनी अशा ७८ शब्दांची, २० गटांत विभागलेली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. रुग्णाने आपल्या दुखण्याला लागू पडणारे शब्द निवडायचे आणि त्यावरून डॉक्टरांनी त्याचे स्वरूप व तीव्रता ओळखायची. ताप मोजायला तापमापक आहे, रक्तदाब मोजायला यंत्र आहे. वेदना मोजायला मात्र माणसाचे बोलणेच ऐकावे लागते!

कला शाखेची विद्यार्थिनी वैद्यकशास्त्राच्या वाटेला का गेली, असे कोणी विचारील. त्याचे कारण माझ्या घरात आहे.

माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) मुरबाडकडचे गाव सोडून भिवंडीत आले आणि यंत्रमागावर लागले. त्याला आता बावीस वर्षे झाली. बारा तासांची पाळी, आणि एका वेळी सहा माग सांभाळायचे. कांडी संपली की धोट्यात नवी भरायची, तार तुटली की मागावर ओणवे होऊन ती ओवायची, गाठ मारायची आणि लगेच दुसऱ्या मागाकडे धावायचे. मजुरी मीटरवर. माग थांबला की मजुरी थांबली. आठ वर्षांपूर्वी त्यांची कंबर धरली, ती सुटलीच नाही. प्रथम बाम झाला, मग तेल झाले, मग औषधाच्या दुकानातला पट्टा झाला. मग एक्स-रे आणि शेवटी उसनवारी करून मोठा फोटोही काढून झाला. एका दवाखान्यात डॉक्टरांनी तो दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "काही नाही." तिथे एक सुई मिळाली. तिचा गुण दोन दिवस टिकला.

"काही नाही" हे दोन शब्द आमच्या घराला फार महाग पडले. मागवाले शेठ म्हणाले, "रिपोर्ट तर साफ आहे, मग खाडे कसले?" सहाचे चार माग झाले. नातेवाईक म्हणाले, कामाचा कंटाळा आला असेल. माझ्या फीचा प्रश्न निघाला, कारण घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. अण्णा कोणाला उलटून बोलले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "हाड मोडलं असतं तर बरं झालं असतं. दाखवता तरी आलं असतं."

परदुःख शीतळ असे आपल्याकडे म्हणतात. ज्याचे जळते त्यालाच कळते हेही खरे. परंतु वेदना होते आणि फोटोत काही दिसत नाही, हे शक्य आहे की नाही, याचे उत्तर म्हणींत मिळत नाही. म्हणून मी शब्दकोश जवळ घेऊन, मोबाइलवर आणि ग्रंथालयात मिळेल ते वाचू लागले.

पहिली गोष्ट मला समजली ती अशी की, फोटो आणि वेदना यांची जोडी आपण समजतो तितकी पक्की नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ज्यांची कंबर मुळीच दुखत नव्हती अशा ३,११० माणसांच्या मणक्यांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या होत्या. विशीतल्या शेकडा ३७ जणांच्या आणि ऐंशीच्या घरातल्या शेकडा ९६ जणांच्या मणक्यांमधील गाद्या झिजलेल्या दिसल्या. म्हणजे फोटोत पुष्कळ दिसावे आणि माणूस ठणठणीत असावा, हे घडते. उलट फोटो साफ असावा आणि माणसाला वाकता येऊ नये, हेही घडते.

ते कसे? याचा धागा १९६५ सालापासून सुरू होतो. त्या वर्षी मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी असा सिद्धान्त मांडला की, वेदनेचा निरोप शरीराकडून मेंदूकडे सरळ जात नाही. मज्जारज्जूत जणू एक दार आहे, आणि ते कमीअधिक उघडते वा मिटते. लागलेली जागा आपण नकळत चोळतो आणि बरे वाटते, कारण त्या स्पर्शाने दार थोडे लोटले जाते. मेंदूकडूनही त्या दारावर हुकूम येतात. पुढे १९८३ साली क्लिफर्ड वूल्फ यांनी प्रयोगांनी दाखवले की, इजेनंतर मज्जारज्जूतील चेतापेशीच अतिसंवेदनशील होऊ शकतात. मग हलका स्पर्श किंवा साधी हालचालही दुखू लागते. मूळ इजा भरून येते, पण दुखणे मागे राहते.

हे अण्णांना कसे सांगावे, याचा मी पुष्कळ विचार केला. शेवटी मागाचीच भाषा उपयोगी पडली. मागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबवणारा एक काटा असतो. मी म्हटले, "अण्णा, तो काटा वाकला तर काय होतं?" ते म्हणाले, "धागा शाबूत असला तरी माग सारखा बंद पडतो." मी म्हटले, "तुमच्या कमरेचं तसं झालं असेल." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग सगळे जण तुटलेला धागा कशाला शोधतात? काटा बघायला पाहिजे." वेदनेवरच्या पुष्कळ संशोधनाचे सार या एका वाक्यात आले, असे मला वाटते!

जगानेही हे आता मान्य केले आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी वेदना ही काही वेळा स्वतःच एक आजार असते, अशी नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या यादीत आहे. ही यादी २०२२ पासून लागू झाली. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. त्या वेळी, माणूस आपल्याला दुखते असे सांगत असेल तर त्याच्या सांगण्याचा मान राखावा, असे तिने स्पष्ट नोंदवले.

मग यावर औषध नाही का? आहेत, पण जादूची गोळी नाही. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत सुझेट्रिजिन या नव्या औषधाला मान्यता मिळाली. ते अफूच्या जातीचे नाही. वेदनेचा निरोप चेतातंतूंतच अडवते. पण ही मान्यता थोड्या काळच्या वेदनेपुरती आहे. कमरेतून पायात उतरणाऱ्या दुखण्यावर ते देऊन पाहिले, तेव्हा औषध नसलेल्या गोळीहून फारसा फरक पडला नाही. याउलट ऑस्ट्रेलियात कंबरदुखीच्या ४९२ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. रुग्णाचे ऐकून घेणे, दुखणे त्याला समजावणे, भीती घालवून हालचाल परत शिकवणे, एवढ्यावर तो उपचार उभा होता. त्याचा गुण वर्षभरानंतरही टिकून होता. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या. त्यांत माहिती आणि व्यायाम यांना स्थान आहे, आणि कमरेचे पट्टे सरसकट वापरू नयेत असा सल्ला आहे. अर्थात पाय बधिर होणे, लघवीवरचा ताबा जाणे, ताप येणे, वजन घटणे अशी लक्षणे असली तर मात्र वेळ न घालवता डॉक्टर गाठलाच पाहिजे.

हे सारे परदेशातले, असे वाटून मी थांबणार होते. तोच भिगवणचे नाव वाचनात आले. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे, उजनीच्या पाणथळीजवळचे हे गाव. १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी येथे हाडे, सांधे व स्नायूंच्या दुखण्याची पाहणी सुरू केली. दवाखान्यात कोण येते याची वाट न पाहता प्रशिक्षण दिलेले स्वयंसेवक घरोघर गेले आणि ४,०९२ प्रौढांना त्यांनी विचारले. शेकडा १८ जणांना असे दुखणे निघाले. त्यांतील पुष्कळांचे दुखणे संधिवाताच्या कोणत्याही ठरावीक नावात बसत नव्हते. डॉ. चोप्रांनी आणखी एक मोलाचे काम केले. गुडघेदुखी मोजण्याची एक परदेशी प्रश्नावली त्यांनी आपल्या राहणीला जुळवून घेतली. मांडी घालून बसता येते का, उकिडवे बसता येते का, हे आपल्याकडे विचारायला नको का? ज्याला जेवायला खाली बसता येत नाही, त्याचे दुखणे खुर्चीच्या प्रश्नाने कसे कळणार!

अण्णांनाही शेवटी असा प्रश्न विचारणारी एक व्यक्ती भेटली. एका सरकारी रुग्णालयातील व्यायामोपचाराच्या ताईंनी त्यांना विचारले, "काका, दुखण्यामुळे काय करायचं राहून गेलंय?" अण्णा म्हणाले, "पंगतीत बसणं." त्यांनी रोज चालायला आणि चार व्यायाम करायला सांगितले. वाकलात म्हणून कंबर मोडणार नाही, असा धीर दिला. पाच महिने झाले. दुखणे गेलेले नाही. माग अजून चारच आहेत. पण गेल्या महिन्यात मामाच्या मुलीच्या लग्नात ते पंगतीत मांडी घालून जेवले, आणि पट्टा खुंटीला आहे.

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते. मुंगी चालू लागली, एवढेच मी म्हणेन.

आता थोडे आपल्या महाविद्यालयाविषयी. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. ते चांगलेच आहे. पण एका वर्षी वह्या घेऊन आपल्याच गल्ल्यांतून फिरलो तर? भिवंडीत मागावर उभे राहणारे, बीम उचलणारे, गोदामात खोकी वाहणारे, घरी शिलाई करणाऱ्या बाया, या साऱ्यांना विचारावे की कुठे दुखते, कधीपासून, आणि त्यामुळे काय करता येत नाही. आमच्या शेजारची पद्मशाली मावशी 'नोप्पी' म्हणते, समोरचे मोमीन चाचा 'टीस' म्हणतात, माझी आई 'सणक' म्हणते. हे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत, आणि पुढचे काम एखाद्या जाणत्या डॉक्टरांच्या सल्ल्याने करावे. आपल्या वर्गात मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू घरी बोलणारी मुले-मुली एका बाकावर बसतात. एवढ्या भाषा ऐकू शकणारे स्वयंसेवक दुसरीकडे शोधूनही मिळायचे नाहीत.

आपण डॉक्टर नाही, आपल्याजवळ औषध नाही. पण विचारणे आणि ऐकलेले खरे मानणे एवढे कला शाखेच्या विद्यार्थ्यांना नक्कीच जमेल. प्राध्यापकवर्गाने या सूचनेचा विचार करावा, ही नम्र विनंती. पहिल्या दिवशी वही धरायला मी येईन.