जायफळाची बेटं

इंडोनेशियातल्या अंबोनहून आलेली बोट बांदा नैराच्या धक्क्याला लागते, तेव्हा समोर गुनुंग आपी पाण्यातून सरळ वर उठलेला असतो. 1988 मध्ये हा ज्वालामुखी भडकला होता. गावाला त्याची फारशी भीती दिसत नाही. अंगणात जायपत्री वाळत असते आणि न्याहारीला पावाबरोबर जायफळाच्या गराचा मुरंबा येतो. जायफळ श्रीखंडापुरतं किसणाऱ्या आपल्याला हा गर नवाच.

सोळाव्या-सतराव्या शतकात जगाला जायफळ मिळे ते बांदाच्या याच चिमुकल्या बेटांवरून. इथे राजा नव्हता. ‘ओरांग काया’ म्हणजे बडे लोक कारभार पाहत, जावाचा तांदूळ आणि हिंदुस्थानचं कापड घेऊन जायफळ देत. पोर्तुगीज 1512 मध्ये आले, पण त्यांना इथे पाय रोवता आले नाहीत. डचांना मात्र सगळं पीक हवं होतं, तेही स्वतः ठरवलेल्या भावात. करारांवर सह्या झाल्या, पण पोटाला तांदूळ आणि साबुदाणा लागे. तो डच पुरवीनात. मग बांदाकर जावाच्या आणि इंग्रज व्यापाऱ्यांना माल विकत राहिले. डचांनी याला दगाबाजी ठरवलं.

टेकडीवरचा बेल्जिका किल्ला डागडुजी करून देखणा केला आहे. माझे पाय मात्र खालच्या नासाऊ किल्ल्याच्या पडक्या भिंतींपाशीच रेंगाळले. 8 मे 1621 रोजी डच गव्हर्नर-जनरल यान पीटरझोन कून याच्या हुकमावरून इथे 44 ओरांग काया मारले गेले. तलवारी चालवल्या त्या भाडोत्री जपानी सैनिकांनी. बेटांवर अंदाजे 15,000 माणसं होती, त्यांतली हजारभर उरली. बाकीची मारली गेली, उपासमारीने मेली, पळाली किंवा गुलाम झाली. मग डच ईस्ट इंडिया कंपनीने बागांचे पट्टे पाडून युरोपीय मळेवाल्यांना वाटले आणि राबायला दूरदूरचे गुलाम आणले.

1667 च्या तहाने बांदापैकीच रन हे बेट डचांकडे आणि मॅनहॅटन इंग्रजांकडे राहिलं, हा किस्सा पर्यटकांना हमखास ऐकवतात. मला तो वाजवीपेक्षा जास्त गाजलेला वाटतो. रनच्या माणसांना त्यात विचारलं कुणी?

1621 मध्ये पळालेल्यांपैकी काही जण पूर्वेच्या केई बेटांवर पोहोचले. तिथल्या बांदा एली आणि बांदा एलात या गावांत जुनी बांदा भाषा टिकून आहे. खुद्द बांदावर मलय चालते, नंतर आलेल्यांच्या वंशजांची. पण कोरा-कोरा नौकांच्या शर्यती आणि चाकालेले नाच त्यांनी आपलेसे केले आहेत, आणि आज बांदाचे लोक म्हणवतात ते हेच.