मिथेनॉल बेताबेतानं

उंडीचं तेल कोकणात पूर्वी दिव्यात जळायचं. हिरवट, दाट, उग्र वासाचं. कॉस्टिक सोडा वापरून त्याचं बायोडिझेल करायला घ्या, लगेच स्वभाव दाखवतं. त्यात सुटी मेदाम्लं भरपूर. कॉस्टिक पडला की त्यांचा साबण होतो, मधला थर फेसाळून बसतो आणि ग्लिसरीन खाली उतरायचं नाव घेत नाही. वड्या-भज्यांच्या कढईतल्या जुन्या तेलाचीही हीच रड.

बुरशीच्या लायपेज विकराला या आम्लांचं वावडं नाही. थर्मोमायसीस लॅन्युजिनोसस किंवा रायझोम्यूकर मिहाय यांची विकरं ग्लिसराइडांसोबत सुट्या आम्लांचंही एस्टर, म्हणजेच बायोडिझेल, करून टाकतात, तेही चाळिसेक अंशांवर. उंडीतला डिंक तेवढा आधी काढून घ्यावा लागतो. माझं लाडकं मात्र कँडिडा अंटार्क्टिका या यीस्टचं लायपेज बी. हे यीस्ट सापडलं अंटार्क्टिकातल्या व्हांडा सरोवरात, आणि त्याचं विकर मण्यांवर बसवलं की उष्णता बिनतक्रार सोसतं!

सोसत नाही ते मिथेनॉल. तेलाच्या एका रेणूला मिथेनॉलचे तीन लागतात; पण सगळं एकदम ओतलं तर ते तेलात पुरतं विरघळत नाही, आणि त्या सुट्या थेंबांशी गाठ पडली की विकर कामातून जातं. ओसाकाच्या युजी शिमादा आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये यावर तोडगा दाखवला : मिथेनॉल तीन हप्त्यांत द्यायचं. पहिल्या हप्त्यात तयार झालेलं एस्टरच पुढच्या मिथेनॉलला आपल्यात विरघळवून घेतं. तान्ह्याला भरवावं तसं हे काम. नव्या विद्यार्थ्यांना त्यात वेळ फुकट जातोय असं वाटतं आणि पंपाचा वेग वाढवायला त्यांचे हात शिवशिवतात.

पाण्याचंही तसंच. किंचित हवं; जास्त झालं की एस्टर उलटं फुटून पुन्हा मेदाम्लं. आणि ग्लिसरीन मण्यांना चिकटून तेलाची वाट अडवतं. टायट्रेशनच्या आधी मी फ्लास्क तिरका करून बघतो. मणी सुटे घरंगळले तर ठीक, गुठळी झाली असेल तर टर्ट-ब्युटेनॉलनं धुवायची वेळ आली.

विकर महाग आहे, कॉस्टिक स्वस्त. स्वच्छ रिफाइंड तेल हाती आलं तर मीसुद्धा कॉस्टिकच घालीन. बुरशीला बोलवायचं ते उंडीसाठी, कढईच्या तळासाठी. तिथं साबण धुण्याचं पाणी वाचतं, ग्लिसरीनही बरंच निर्मळ मिळतं आणि हिशेब जमू लागतो.