उबेची भिंत

डोंबिवलीतल्या आमच्या घराची पश्चिमेकडची भिंत दर पावसाळ्यात ओल धरते. जुलैत कोपऱ्यात वाटीएवढा डाग दिसतो, गणपती येईपर्यंत त्याचं ताट होतं. त्यामुळे मे संपत आला आणि मी शाळेसाठी घर आवरायला काढलं की माझ्या डोक्यात पहिला विचार येतो तो कोरड्या जागेचा. काय टाकायचं, काय ठेवायचं हे त्यानंतर.

आपल्याकडे शाळा पावसाचा हात धरूनच येते. सात-आठ जूनला मृग लागतो आणि पंधरा जूनच्या आसपास घंटा वाजते. विदर्भात ऊन उतरण्याची वाट बघतात, तिथे शाळा उघडायला जून संपत येतो. सीबीएसईच्या मुलांचं वर्ष तर एप्रिलमध्येच सुरू झालेलं असतं. पण राज्य मंडळाच्या शाळेत मूल असलेल्या मुंबई-कोकणातल्या घरात नवं पुस्तक आणि पहिली सर मागेपुढे चार दिवसांच्या अंतरानं येतात. घर लावायचं ते दोघांसाठीही. कोऱ्या पानांना दमट हवा लागू द्यायची नाही, दोन गणवेशांतला एक तरी रोज वाळला पाहिजे, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि ते रात्री कुठे ठेवायचे हे आधीच ठरलेलं हवं. ही सगळी कामं मला मनापासून आवडतात. वर्षातलं दुसरं कुठलंच आवरणं, दिवाळीचंसुद्धा, मला इतकं जवळचं वाटत नाही.

चिपळूणजवळच्या आमच्या गावी या दिवसांत आगोट चालायची. पावसाच्या चार महिन्यांची बेगमी. लाकडं फोडून पडवीत रचायची, शेणी आत घ्यायच्या, तांदळात कडुलिंबाचा पाला मिसळायचा, आमसुलं, फणसाची साठं, सुकी मासळी, मीठ ज्याच्या त्याच्या मडक्यात नाहीतर डब्यात जायचं. पडवीच्या उघड्या बाजूला झाप बांधायचे, म्हणजे झड आत येत नाही. या धांदलीतच आमची पुस्तकं यायची. बहुतेक जुनीच, वाडीतल्या वरच्या वर्गातल्या मुलाकडून अर्ध्या किमतीत घेतलेली. आई कणकेची खळ शिजवायची, खाकी कागद गुडघ्याखाली धरून दुमडायची आणि पुस्तकांना कव्हरं घालायची. आमसुलांच्या बरणीवर आणि भूगोलाच्या पुस्तकावर तिचा हात सारख्याच जपणुकीनं फिरायचा. दोन्ही पावसातून पार न्यायचं होतं.

पुस्तकं ठेवायची जागा ठरलेली. स्वयंपाकघरातल्या चुलीच्या मागची भिंत माजघरात यायची. सकाळ-संध्याकाळ चूल पेटली की ती भिंत माजघराच्या बाजूनंही उबदार व्हायची. बाकी घर श्रावणात घामेजल्यासारखं असे, कपड्यांना कुबट वास यायचा, चामड्याच्या चपलांवर बुरशी धरायची; पण त्या भिंतीशी ठेवलेल्या वस्तूला ओल कधी शिवली नाही. तिथल्या फळीवर दादाचं दप्तर आणि माझं दप्तर शेजारी शेजारी असायचं. सकाळी पुस्तक हातात घेतलं की कोमट लागायचं. सगळ्यांचीच पुस्तकं अशी असतात, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

यंदा मेमध्ये आई माझ्याकडे राहायला आली. येताना पिशवीभर आमसुलं आणि दोन साठं घेऊन आली. आगोट तिच्या हातातून अजून सुटलेली नाही. मी कपाट रिकामं करायला घेतलं तशी तीही पाट घेऊन बसली.

घर आवरायचे सल्ले देणारे लोक आधी डबे विकत घ्यायला लावतात: झाकणाचे, पारदर्शक, नावाच्या चिठ्ठीचे. मला ते पटत नाही. सगळं आधी बाहेर काढून जमिनीवर मांडलं पाहिजे, कारण घरात काय आहे हे पाहिल्याशिवाय त्याची जागा कळत नाही. आम्ही मांडलं. लेकीचे सहावीचे पेपर, एका पायाचा मोजा, टोपण नसलेली सात पेनं, कंपासपेटीतलं एकटं कर्कटक, चित्रकलेच्या वहीत ठेवलेलं मोरपीस. गेल्या वर्षीचा रेनकोट तिला मनगटाच्या चार बोटं वर येत होता. मूल रोज डोळ्यांसमोर असतं, म्हणून त्याचं वाढणं दिसत नाही. ते जूनमध्ये बाही ओढून बघताना दिसतं.

दप्तरही मी स्वयंपाकघरातल्या ताणकाट्याला लावून पाहिलं. केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणाप्रमाणे दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड असू नये. लेकीचं वजन 34 किलो, म्हणजे दप्तर 3 किलो 400 ग्रॅमपर्यंत. गेल्या वर्षी ती नेत होती तसं भरलं तर पाच किलोंच्या वर काटा गेला, त्यात पाण्याची भरलेली बाटली एक किलोची. बालभारतीनं 2023-24 मध्ये दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत काढली आणि पाठांच्या शेवटी वहीची कोरी पानंही दिली. दोन वर्षांनी ती पानं पुन्हा गेली. धोरण काहीही ठरो, रोज रात्री वेळापत्रक समोर ठेवून दप्तर भरलं तरच खांद्यावरचं ओझं उतरतं आणि त्यासाठी पुस्तकं नजरेसमोर, हाताला येतील अशी हवीत. फळी कुठे लावायची हा प्रश्न माझ्यासाठी एवढा महत्त्वाचा होता तो याचसाठी. पुस्तकं पलंगाखालच्या खोक्यात असली की मुलं सगळंच्या सगळं दप्तरात कोंबतात.

आमच्या घरातली कोरडी जागा एकच, फ्रिजशेजारची. फ्रिज ऊब सोडतो, त्यामुळे चार बोटांच्या फटीपलीकडची फळी भर पावसात सुकी राहते. तिथे माझी पुस्तकं होती. मी ती उतरवायला लागले, पश्चिमेच्या भिंतीशी नेऊन ठेवायला. आईनं माझ्या मनगटाला धरलं.

“अगो, ही नको हलवू.”

“मग तिची कुठे ठेवू?”

ती लगेच बोलली नाही. जरा वेळानं म्हणाली, “त्या भिंतीशी आधी माझी ट्रंक होती.”

कुठल्या भिंतीशी ते विचारायची गरज नव्हती. लग्नात आलेली तिची पत्र्याची ट्रंक. मला आठवते तेव्हापासून ती पडवीलगतच्या खोलीत होती, जिथे झापांतून पाणी यायचं. दादा पहिलीत गेला त्या जूनमध्ये आईनं ती स्वतःच ओढत तिकडे नेली आणि उबेच्या भिंतीशी फळी ठोकून घेतली. ट्रंकेत लग्नातला शालू होता आणि शालूच्या घडीत तिचं सातवीचं, तेव्हाच्या फायनलचं, सर्टिफिकेट. सातवीनंतरची शाळा खाडीपलीकडे. तरीतून मुलीला एकटीला पाठवायचं नाही म्हणून तिची शाळा तिथेच थांबली. एका श्रावणात मंगळागौरीला जायचं म्हणून तिनं ट्रंक उघडली तर शालूवर काळे ठिपके पडले होते आणि सर्टिफिकेटवरची शाई फुटून निळं पाणी झाली होती.

“नाव तेवढं वाचता येत होतं,” आई म्हणाली. “मग ते चुलीजवळ सुकवलं आणि ठेवून दिलं. तुम्ही शाळेत होतात.”

चाळीसेक वर्षं मी त्या कोमट पुस्तकांची आठवण सांगत आले होते. ती ऊब कुणाच्या जागेची होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

माझी पुस्तकं हलली नाहीत. आम्ही विती टाकून फळी मोजली. सात विती भरली. पाच लेकीच्या, दीड माझी, अर्धी आईची. तिला अर्धी वीत कशाला हवी ते मी विचारलं नाही. लेकीनं पेन्सिलनं तिथे रेघ मारली.

उरलेली दुपार वह्यांत गेली. सहावीच्या वह्यांतली कोरी पानं आम्ही काढली. कुठे अकरा, कुठे चोवीस, आणि हिंदीची तर अर्धी वही कोरी. आईनं ती ठोकून एकसारखी केली, दाभणानं भोकं पाडली, जाड दोरा ओवून तीन वह्या शिवल्या. डोळ्यांना आता कमी दिसतं, पण भोकातली अंतरं सारखी होती. लेक शेजारी बसून खाकी कागद दुमडायला शिकत होती. कोपरा फुगतो म्हणून तिनं दोनदा उलगडून पुन्हा घातला आणि आई दोन्ही वेळा गप्प राहिली.

दोन वह्या लेकीच्या कच्च्या कामाला. तिसरी तिनं आजीच्या मांडीवर ठेवली.

“ही तुला. त्या अर्ध्या वितीत मावेल. पण आधी लेबल लावायचं.”

तिनं लेबल चिकटवलं आणि वळणदार अक्षरात आजीचं नाव घातलं. मग पेन थांबलं.

“आजी, इयत्ता काय लिहू?”

आईनं मांडीवरचे दोऱ्याचे तुकडे वेचून मुठीत घेतले.

“आठवी लिही,” ती म्हणाली.